साडेचार तारे आणि ४१व्या पानावरचं बिल

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं शिक्षण इथेच बडोद्यात, इंग्रजी माध्यमातून झालं. घरी मराठी बोलते, पण वाचायला बसली की अडखळते. वडील ७४ वर्षांचे, निवृत्त, दिवसभर वाचणारे. त्यांच्यासाठी ती दर महिन्याला एक मराठी पुस्तक ऑनलाइन मागवते. नियम एकच, वाचकांनी पाचपैकी साडेचार ताऱ्यांच्या खाली ठेवलेलं घ्यायचं नाही. तरी चारातली तीन पुस्तकं बाबा अर्ध्यावर मिटून ठेवतात आणि विचारलं की म्हणतात, "छान आहे गं, वाचतोय." तिचं म्हणणं, तारे खोटे असतात का? आणि असतील तर मग बघायचं काय?

दांडिया बाजाराच्या बाजूला एका मराठी वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते आहे. नवीन खरेदीच्या यादीवर शेवटची सही बहुतेक वेळा माझीच असते. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद आला. यादी करताना मी फोनवर गुडरीड्स, म्हणजे वाचक पुस्तकांना तारे देतात ती साइट, उघडून पाहिलं. मराठी मुखपृष्ठ, त्याखाली ४.२ आणि मतं देणारे लाखांच्या घरात. आम्ही एरवी एका पुस्तकाची एकच प्रत घेतो, याच्या तीन घेतल्या. पहिली प्रत एका काकूंनी नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली. टेबलावर ठेवत म्हणाल्या, "ताई, एवढ्या लोकांना आवडलंय, म्हणजे मलाच कळलं नसेल." कितव्या पानापर्यंत गेलात, असं मी विचारलं. त्यांनी उघडून दाखवलं. ४० आणि ४१ या पानांच्या मध्ये औषधाच्या दुकानाचं बिल खुणेला घातलेलं होतं.

दुसरी प्रत एका निवृत्त मास्तरांकडून परत आली, तिसरी एका कॉलेजातल्या मुलाकडून. दोघंही साधारण तिथपर्यंतच पोचले होते. मग मीच ते पुस्तक रात्री घरी नेलं. "त्याने दिवसाला हाक मारून काम थांबवले," असं एक वाक्य वाचलं आणि उलगडा झाला. इंग्रजीत 'कॉल इट अ डे' म्हणजे आजचं काम आटोपतं घेणं, त्याचं हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी. शब्दकोश उघडून केलेला अनुवाद होता. इंग्रजी पुस्तक चांगलं असेलही, पण माझ्या सभासदांच्या हातात ते नव्हतंच.

ते ४.२ कुठून आले? गुडरीड्सची पद्धत अशी आहे की एका कृतीच्या सगळ्या आवृत्त्या एकाच पोटात घालतात. पुठ्ठ्याची, कागदी, इ-बुक आणि दुसऱ्या भाषांतले अनुवादसुद्धा. मतं सगळ्यांची मिळून मोजली जातात. त्यामुळे मराठी अनुवादाच्या पानावर दिसणारा आकडा हा बहुतांशी इंग्रजी वाचलेल्या लोकांचा असतो. त्यांनी मराठीचा शब्दही वाचलेला नसतो, आणि अनुवादक बरा की वाईट हे त्या आकड्यात कुठेच शिरत नाही. अॅमेझॉनवरही एकाच पुस्तकाच्या कागदी, किंडल आणि ऐकायच्या आवृत्तीची मतं बऱ्याचदा एकत्र असतात. जुन्या अभिजात पुस्तकांच्या बाबतीत तर वेगवेगळ्या अनुवादकांची, वेगवेगळ्या प्रकाशकांची मतं एकाच पानावर गोळा झालेली दिसतात. तुम्ही मागवलेल्या पुस्तकांत अनुवाद किती होते, ते एकदा मोजून बघा. मला वाटतं, निम्मं कोडं तिथेच सुटेल.

त्यामुळे तारे खोटे असतात असं मी सरसकट म्हणणार नाही. बहुतेक वेळा ते खरेच असतात, फक्त ते भलत्याच माणसांनी भलत्याच गोष्टीला दिलेले असतात.

आता तीन तारे म्हणजे काय, हेच घ्या. गुडरीड्सने प्रत्येक ताऱ्याचा अर्थ ठरवून दिला आहे. एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं, पाच म्हणजे अप्रतिम. म्हणजे तीन देणारा वाचक तिथे खूश आहे. अॅमेझॉन मात्र तीन ताऱ्यांचं मत टीकेच्या रकान्यात टाकतं. एकच वाचक एकाच पुस्तकाला दोन्हीकडे प्रामाणिकपणे तीन देईल, आणि एका ठिकाणी ते कौतुक ठरेल, दुसऱ्या ठिकाणी तक्रार. शिवाय अॅमेझॉनवर वर दिसणारा आकडा ही साधी सरासरी नसते. मत किती ताजं आहे, पुस्तक तिथूनच विकत घेतलंय का, असं बघून कमीजास्त वजन दिलं जातं. "४.३ आणि ४.५ मध्ये काय फरक?" असं मला सभासद विचारतात, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं, काहीही नाही.

मराठी पुस्तकांचा खरा घोळ मात्र संख्येचा आहे. आपल्याकडे पुष्कळ पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची किंवा त्याहून कमी असते. त्यातल्या कितीक ग्रंथालयांच्या कपाटात जातात. ऑनलाइन विकत घेऊन, वाचून, परत तिथे जाऊन तारे देणारा वाचक किती उरणार? दहा-बारा. आता सहा जणांनी पाच-पाच तारे दिले आणि सातव्याने एक दिला, की सरासरी ५ वरून ४.४ वर येते. तोच एक तारा ४०० मतं असलेल्या ४.३ च्या पुस्तकाला पडला तर आकडा जागचा हलतसुद्धा नाही.

माझ्या भाच्याने मला यावर एक सोपी युक्ती शिकवली. तो आकडेवारीतला माणूस आहे. प्रत्येक पुस्तकाला आपल्या मनाने वीस सर्वसाधारण मतं आधीच पडलेली आहेत असं धरायचं, समजा ३.९ ची. मग हिशोब करायचा. दहा मतांचं ४.८ असेल तर ते ४.२ वर उतरतं. ४०० मतांचं ४.३ असेल तर ते जवळपास तिथेच राहतं. म्हणजे जे पुस्तक तुमच्या नियमाने यादीबाहेर पडलं असतं, तेच वर जातं. साडेचारचा उंबरठा लावला की तुम्ही नकळत कमी मतांची पुस्तकं निवडत जाता, कारण एवढा उंच आकडा मोठ्या गर्दीत टिकणं अवघड असतं.

आणि ती कमी मतं देणारे कोण असतात? इथे मला आपल्या लोकांबद्दल थोडं बोलू द्या. मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं जग लहान, बडोद्यातलं तर त्याहून लहान. लेखक कोणाचा तरी मेहुणा, प्रकाशक कोणाचा तरी वर्गमित्र. पुस्तक निघालं की व्हॉट्सअॅपवर लिंक येते, खाली हात जोडलेली चित्रं, "आपला अभिप्राय व पाच तारे अपेक्षित." मग काय करणार? भिडेखातर माणूस देतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती ही. मीही दिलेत, कबूल करते. एका ओळखीच्या गृहस्थांच्या कवितासंग्रहाला पाच तारे दिले आणि आठवडाभर त्यांच्या समोरून जायला लाज वाटली. त्यांना नाही वाटली.

जाता जाता, तुमच्या बाबांचं "छान आहे गं, वाचतोय" हेही भिडेखातर दिलेलं मतच आहे. मुलगी पैसे खर्च करून, वेळात वेळ काढून पुस्तक मागवते, तिला कंटाळवाणं आहे म्हणून कोण सांगणार?

ताऱ्यांचा विक्रीवर परिणाम होतो का, याचा अभ्यास पुष्कळांनी केला आहे. येल विद्यापीठातल्या ज्युडिथ शेव्हालिए आणि दीना मेझलिन यांच्या २००६ मधल्या निबंधाचा दाखला अजून सगळे देतात. अॅमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल या पुस्तकं विकणाऱ्या दोन साइटवर त्याच पुस्तकांचं काय होतं, याची त्यांनी तुलना केली. एका ठिकाणी मतं सुधारली की तिथली विक्री दुसऱ्याच्या तुलनेत वाढते, हे दिसलंच. दोन्हीकडे स्तुतीच भरमसाट होती, हेही दिसलं. पण मला त्यातली मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. एका ताऱ्याच्या मताने होणारं नुकसान पाच ताऱ्यांच्या मताने होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त भरलं. कौतुक सगळेच करतात, त्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास नसतो. नावं ठेवणारा मात्र मनापासून बोलत असणार, असं ग्राहक धरून चालतो.

याच्या उलटही घडतं. न्यूयॉर्क टाइम्समधल्या परीक्षणांवर २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला. नावाजलेल्या लेखकाच्या पुस्तकावर वाईट परीक्षण आलं की विक्री १५ टक्क्यांनी घटली, आणि अनोळखी लेखकावर तसंच वाईट परीक्षण आलं की ४५ टक्क्यांनी वाढली! लोक दूषणं विसरले आणि नाव लक्षात राहिलं. आमच्या टेबलावर हे मी रोज बघते. "ते कुठलं हो, ज्याच्यावर पेपरात एवढं तोंडसुख घेतलं होतं?" असं विचारत माणसं येतात. पुस्तकाचं नाव त्यांना आठवत नसतं, मुखपृष्ठ निळं होतं एवढं आठवतं.

पुरस्कारप्राप्त पुस्तकांची गंमत आणखी निराळी. बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या संशोधकांनी गुडरीड्सवरची मतं पाहिली तेव्हा आढळलं की मोठा पुरस्कार मिळाल्यावर पुस्तकाचे तारे चढायच्या ऐवजी घसरतात, आणि अंतिम यादीत येऊन हरलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त घसरतात. हा निबंध २०१४ चा. कारण साधं आहे. पुरस्कारामुळे ज्यांना त्या तऱ्हेचं लेखन मुळात रुचत नाही असे लोकही ते घेतात, आणि मग चिडतात. पुस्तक तेच असतं, वाचणारी माणसं बदललेली असतात.

विकत घेतलेली खोटी मतं, एकमेकांच्या पुस्तकांना ठरवून दिलेले तारे, हा धंदा आहेच. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते तेव्हा ऐच्छिक होतं. कॅनडातल्या अॅमेझॉनवर २००४ मध्ये एका तांत्रिक चुकीमुळे निनावी मतं देणाऱ्यांची खरी नावं काही काळ उघडी पडली, आणि त्यात स्वतःच्या पुस्तकांची स्वतःच तारीफ करणारे लेखक निघाले. अजून न छापलेल्या पुस्तकावर एका ताऱ्यांचा पाऊस पाडण्याचे प्रकार तर अलीकडे, २०२३ मध्येही, गुडरीड्सवर झाले. पण मराठीत या दुष्टाव्यापेक्षा भिडेचंच प्रमाण मोठं आहे असं माझं मत आहे.

मग बघायचं काय? तारे सोडा, मजकूर वाचा. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तर फोनला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, किंवा बाबांनाच वाचायला लावा. त्यांना ते काम आवडेल. सुरुवात मधल्या मतांपासून करा, तीन आणि चार ताऱ्यांच्या. ज्याला पुस्तक आवडलंय पण काहीतरी खटकलंय, तोच नीट बोलतो. "पहिली शंभर पानं सुंदर, मग कोर्टकचेरी सुरू झाल्यावर रेंगाळतं," असं कोणी लिहिलं असेल तर त्या माणसाने वाचलंय. शंकाच नाही.

आणि काही शब्द दिसले की सावध व्हा. "संग्रही असावे असे पुस्तक" याचा माझ्या अनुभवात एकच अर्थ, लिहिणाऱ्याने ते कपाटात ठेवलंय, उघडलेलं नाही. "ओघवती भाषा" म्हणजे मलपृष्ठ वाचलंय. "अंतर्मुख करणारे" म्हणजे झोप आली. मी जरा कडक बोलते आहे, पण ३१ वर्षांत हे शब्द एवढे ऐकलेत की कान किटले. "एका बैठकीत संपवलं" यावर मात्र मी थोडा विश्वास ठेवते, पानं किती आहेत ते पाहून.

एक ताऱ्याची मतंही चाळा, वेगळ्या कारणासाठी. त्यातली अर्धी पुस्तकाबद्दल नसतातच. "पार्सल भिजून आलं," "कोपरा दुमडलेला," "पाठवणाऱ्याने दुसरंच पुस्तक पाठवलं." कुरिअरच्या माणसावरचा राग लेखकाच्या नावावर जमा होतो. पण त्याच गर्दीत "अक्षर फार बारीक," "झेरॉक्स मारल्यासारखी छपाई," "बाइंडिंग सुटलं, पानं गळतात" अशा ओळी सापडतात. झेरॉक्ससारखी छपाई म्हणजे बहुधा चोरून छापलेली प्रत, तेव्हा विकणारा कोण आहे ते तपासा. आणि अक्षर बारीक हे पंचविशीतल्या वाचकाला क्षुल्लक वाटेल, ७४ वर्षांच्या माणसाचं पुस्तक त्याच एका कारणाने अर्ध्यावर राहतं. पाच ताऱ्यांच्या मतांत हे कोणी लिहीत नाही.

ऐकायच्या पुस्तकांचे तारे आणखी वेगळे. तिथे निम्मे गुण वाचणाऱ्या आवाजाचे असतात. तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आमच्याकडे संगणक आहे, तरी पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखेची चिठ्ठी अजून डकवतो. पुस्तक नेलं की परतीच्या तारखेचा शिक्का. भिडेखातर शिक्का कोणी मारून घेत नाही. एखाद्या पुस्तकाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी चिकटलेली असते. त्या फजितीच्या अनुवादाच्या तिन्ही प्रतींवर एकेकच शिक्का आहे, आजही. आता ही चिठ्ठीही सगळं खरं सांगते असं नाही. कमी पानांची, मोठ्या टायपातली पुस्तकं जास्त फिरतात, आणि सातशे पानांची कादंबरी चांगली असली तरी महिनाभर एकाच घरात मुक्काम ठोकते. म्हणून मी शिक्क्यांबरोबर दोन तारखांमधलं अंतर बघते आणि माणसाला विचारते, कुठे सोडलंत? "कसं वाटलं?" असं विचारू नये, त्यावर सगळे "छान" म्हणतात.

शिवाय शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले अभिप्राय असतात. नियमाने ते गुन्हा आहेत, आणि मी खोडरबर घेऊन बसते, पण आधी वाचते. एका जुन्या कादंबरीच्या मागे चार हस्ताक्षरांत चार ओळी होत्या. "अवश्य वाचा." खाली, "फालतू." त्याखाली, "वरच्याने पूर्ण वाचलेली नाही." आणि सर्वांत खाली वळणदार बायकी अक्षरात, "नायिकेने त्याला सोडायला हवे होते." पहिल्या तीन खोडल्या. चौथी ठेवली आहे, आणि ती वाचून आतापर्यंत दोघी-तिघी पुस्तक घेऊन गेल्या आहेत.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हाची गोष्ट. पुस्तकांच्या एका स्टॉलवर एक तरुण उभा होता. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात फोन. पुस्तक मिटलेलं होतं आणि तो फोनवर त्याच पुस्तकाचे तारे शोधत होता. मला हसू आलं, मग वाटलं, याला तरी का हसायचं? पुण्या-मुंबईत माणूस दुकानात जाऊन पानं चाळतो. आपल्याकडे ती सोय वर्षानुवर्षं तुटपुंजी, त्यात पुढच्या पिढीची शाळा गुजराती किंवा इंग्रजी. विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसरा, असं बडोद्यातल्या कितीतरी घरांत झालं आहे. घेणाऱ्याला पुस्तक जोखता येत नाही, म्हणून तो आकड्याला धरतो.

ही अडचण नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयांची घडी बसवायला बोलावलं, आणि पुढे गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. पेटी भरणाऱ्याला गावातला वाचक दिसत नसे. तुमच्यासारखंच.

मात्र तुमच्या बाबतीत वाचक शेजारच्या खोलीत बसलेला आहे. तेव्हा आज ती तीन पुस्तकं उघडून खूण कुठे आहे ते पाहा. तिन्ही पंधराव्या-विसाव्या पानावर थांबली असतील तर भाषा किंवा अक्षर. दीडशेव्या पानावर असतील तर गोष्ट सैल पडली. जे चौथं त्यांनी पुरं वाचलं, त्याचा लेखक, प्रकाशक, विषय आणि टायपाचा आकार हे चार मुद्दे लिहून घ्या, आणि पुढचं मागवताना तेवढ्यावरच शोधा. ज्या साइटवर आतली काही पानं दाखवतात तिथूनच घ्या आणि ती पानं बाबांपुढे धरा. पाच मिनिटांत ते हो किंवा नाही सांगतील. गंमत म्हणजे पुस्तक अजून विकत घेतलेलं नसलं की भीड पडत नाही, मग माणूस खरं बोलतो.

आणि एखाद्या शनिवारी संध्याकाळी त्यांना वाचनालयात घेऊन या. कपाटं उघडी असतात, हवं ते काढून चाळता येतं. वाचायचा चष्मा मात्र आठवणीने बरोबर असू द्या. लांबचा लावून येणारे पुष्कळ असतात, आणि मग माझाच मागतात.